राघोचा उजवा पाय

वळ गावच्या गोदामांतून कापडाच्या गाठी भरायच्या आणि अंबाडी गावावरून वाडा गावाकडे ट्रक काढायचा, यातच राघोची जवानी गेली. मग एके दिवशी एक गाठ घसरली आणि त्याच्या उजव्या पायावर आली. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण घोट्यात बसलेली भीती काही निघेना.

"ऐन वेळेला ब्रेक दाबला न्हाय गेला तर?" बायको कमळ म्हणायची. "घरी बसा आता."

शेठ म्हणाला होता, पायाची खात्री झाली की ये. खात्री कुठे मिळते ते त्याने सांगितलं नव्हतं.

टेमघरला राघोच्या पुतण्याचं, हरेशचं, कॉम्प्युटर गेमचं दुकान होतं. तिथे एका मशीनला स्टिअरिंग होतं, खाली पेडल होते. हरेश म्हणाला, "काका, ही रॅली, गाड्यांची शर्यत. एकदम खरी. चांगली चांगली पोरं पयल्याच वळणावर शिव्या देऊन उठतात."

राघोने ट्रकच्या केबिनमध्ये चढताना काढायचा तशा चपला बाहेर काढल्या. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला नेला. पडद्यावर डोंगरातला खडीचा रस्ता उलगडला. ना चहाची टपरी, ना आडवी म्हैस. पहिलं वळण आलं आणि गाडी दरीत गेली.

दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा झाडावर.

राघोच्या ट्रकचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाक हलत नसे. तो पाव फेरा त्याच्या खांद्यात मुरला होता. इथे बोटभर फिरवलं की गाडी मागून गिरकी घेई.

"तुमी भरलेला ट्रक हाकताय," हरेश म्हणाला. "ही रिकामी हाय. अलगद फिरवा."

"मग माल भर हिच्यात."

"गेममध्ये माल नसतो, काका."

"माल न्हाय, तर एवढ्या घाईत चाललीय कशाला ही?"

पडद्यावरच्या गाडीत शेजारी एक गोरा बसलेला, पुढचं वळण इंग्रजीत सांगणारा. राघो त्याच्यावर फार चिडे. "ह्यो कसला क्लीनर? नुसता तोंड चालवतो. एकदा तरी खाली उतरून मागं बघितलं का?"

तरी तो रोज जाई आणि रोज दरीत पडून घरी येई. जेवताना पोळीसुद्धा वळण घेतल्यासारखी फिरवी. शेवटी कमळ वैतागली आणि भर दुपारी दुकानात येऊन त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"अवो, उठा. लोक हसतात."

"थांब गं, उतार हाय."

उतार आला. राघोने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हात बोटभरच फिरला. गाडी खडी उडवत वळली, पुढच्या वळणालाही वळली आणि रखडत रखडत शेवटच्या रेषेपलीकडे गेली. पडद्यावर त्याचा नंबर सगळ्यांच्या खाली लागला.

"शेवटचा," हरेश म्हणाला.

"शेवटचा कसा? गाडी पोचली का न्हाय? पोचली. मग? ह्या मशीनला धंदा कळत न्हाय."

तो तणतणत उठला आणि बाहेर पडला. कमळ मागे मागे चालत होती. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "पाय दुखला का?"

"कुठला पाय?"

मग तो थांबला. खाली पाहिलं. उजवा पाय रस्त्याच्या धुळीत निवांत टेकला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भीतीला न विचारता.

"शेठकडे जाऊन येऊ का?" त्याने विचारलं.

कमळने सुस्कारा टाकला. "जा. पन आधी मागं जाऊन चपला घाला."