हात कुणी ओढला?

चिनूने बिस्कीट डाव्या हाताने घेतलं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पाच मिनिटांपूर्वी याच मुलाने उजव्या हाताने माझ्या खिशातलं पेन हिसकावलं होतं. आता तो उजवा हात कोपरात किंचित वाकवून पोटाशी धरून बसला होता, आणि त्या हाताला कुणी हात लावायला गेलं की 'बेडा, बेडा' म्हणत होता. घर मराठी असलं तरी हुबळीतलं मूल 'नको' आधी कन्नडमध्ये शिकतं.

देशपांडे नगरातल्या एका मुलांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. पुरुष नर्सला आमच्याकडे सगळे ब्रदर म्हणतात. बावीस वर्षं झाली. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येक मूल माझ्या टेबलापाशी येतं. मी ताप बघतो, श्वास मोजतो, वजन करतो. श्वास मोजायचे ते सदरा वर करून, मूल शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर मी त्याला रांग सोडून थेट आत पाठवतो. चिनू सव्वादोन वर्षांचा. खोकला होता, अंग जरा गरम होतं. आईच्या मांडीवर बसवून मोजले, अठ्ठावीस भरले. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. राहिलं वजन. मुलांची औषधं वजनावर ठरतात, त्यामुळे ते टाळता येत नाही.

वजन म्हटलं की चिनूच्या आजीचा विरोध ठरलेला. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. मूळचे मिरजेकडचे लोक, पण तीन पिढ्या इथे गेल्या. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणतो. मुलाचं वजन मोठ्याने उच्चारलं की दृष्ट लागते, असं त्या मानतात. अशा आज्या माझ्याकडे बऱ्याच येतात. मी वाद घालत नाही. आकडा मनात वाचतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो.

पण त्या सोमवारी ओपीडी तुडुंब होती. अक्कांनी चिनूचा सदरा मागून घट्ट धरला आणि म्हणाल्या, "गेल्या महिन्यात केलं होतं की. तेवढंच असेल." मी म्हटलं, "अक्का, तेवढंच असेल तर पोर खात नाही असा अर्थ होईल, मग दुकान बंद करून त्याला भरवत बसा." त्या हसल्या, पण सदरा सोडला नाही. मी चिनूचा उजवा हात मनगटाशी धरला, 'हुप्प' म्हटलं आणि एका झटक्यात त्याला काट्यावर घेतलं. तो किंचाळला. काट्यावर सगळीच मुलं किंचाळतात. मी आकडा लिहिला, त्याला आईकडे दिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

हे 'हुप्प' माझं खास होतं. नव्या सिस्टरना मी शिकवायचो की मुलाला नेहमी दोन्ही काखांत हात घालून उचला. स्वतः मात्र घाईत हुप्प करायचो. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणून ते बरोबर वाटायला लागलं होतं.

मग ते बिस्कीट आलं. चिनूच्या आईने, रूपाताईंनी, माझ्याआधी ओळखलं. "ब्रदर, हा हात का हलवत नाही बघा ना." मी बघितलं. सूज नव्हती. बोटं हलत होती, गरम होती. खांद्यापासून मनगटापर्यंत हळूच दाबून पाहिलं, हाड कुठे दुखत नव्हतं. फक्त तळवा फिरवायला गेलो की तो रडत होता. मला काय झालंय ते कळलं. कुणामुळे झालंय तेही त्याच सेकंदाला कळलं.

लहान मुलाच्या कोपरात एका हाडाचं डोकं एका पट्टीने धरून ठेवलेलं असतं. चार-पाच वर्षांपर्यंत ती पट्टी सैल असते. हात सरळ असताना झटका बसला तर हाड पट्टीतून किंचित निसटतं. हात मोडत नाही. जाणकार माणसाने हात एका ठराविक पद्धतीने फिरवला की हाड जागेवर बसतं. घरी मात्र कुणी हा प्रयोग करू नये, कारण हाड मोडलेलं नाही हे आधी नक्की करावं लागतं.

डॉक्टर मॅडमनी चिनूला तपासलं आणि विचारलं, "पडला का? की हात कुणी ओढला?"

मी शेजारी उभा होतो, केसपेपर हातात धरून.

अक्का म्हणाल्या, "रिक्षातून उतरताना हिनेच ओढला असेल. हिची सदा घाई."

रूपाताई गोंधळल्या. म्हणाल्या, "आठवत नाही मॅडम. पण मीच ओढला असेल."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं: आईने हात ओढल्यावर दुखापत. मग चिनूचं कोपर धरून तळवा फिरवला. टक असा बारीक आवाज आला. दहा मिनिटांत तो उजव्या हाताने माझं पेन मागत होता. सगळे हसले. मीही हसलो.

निघताना मॅडमनी सांगितलं की काही आठवडे या हाताला ओढ देऊ नका, पुन्हा निसटू शकतं. अक्कांनी ते नीट ऐकून घेतलं आणि दारातच निकाल दिला. शुक्रवारी रूपाताई चिनूला घेऊन निपाणीला, बहिणीच्या मुलीच्या बारशाला जाणार होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा एकट्या, बसने.

"तू जा हवं तर," अक्का म्हणाल्या. "पोर तुझ्या हातात देऊन पाठवायची नाही मी."

रूपाताई चिनूला दोन्ही हातांनी उचलून, जणू काचेचा आहे असं धरून, पायऱ्या उतरल्या.

मंगळवारी मी स्वतःला बरंच समजावलं. मूल बरं झालं. मला कुणी विचारलं नाही. घरगुती गोष्टीत ब्रदरने कशाला पडायचं? अशी कारणं मला एकामागून एक सुचत होती आणि प्रत्येक कारण ऐकून मला माझीच लाज वाटत होती. ती बाई न केलेल्या गोष्टीची कबुली देऊन गेली होती, आणि मी पेन खिशाला अडकवून पुढचं वजन करत होतो.

बुधवारी ओपीडी संपल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"सोमवारचा चिनू. हात मी ओढला होता. काट्यावर घेताना."

"आज काय वार?"

"बुधवार."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला रागाची अपेक्षा होती. त्यांनी केसपेपर मागवला, चुकीची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "खरं काय झालं ते तुमच्या अक्षरात लिहा. सही करा. मग प्रत घेऊन त्यांच्याकडे जा."

"फोन केला तर?"

"फोनवर तुम्ही अर्धंच सांगाल."

खरं होतं ते.

दाजीबानपेठेत पोहोचलो तेव्हा अक्का गादीवर बसून गिऱ्हाइकाला इरकल साड्या दाखवत होत्या. मला बघून ताक मागवलं. मी ताकाला हात न लावता सगळं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाल्या, "बघा, सून किती हुशार. दवाखान्यातला माणूस साक्षीला पाठवलाय."

मी कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहेस तू. तिला वाचवायला बघतोयस." मी जितकं 'मीच केलं' म्हणत होतो, तितका त्यांच्या नजरेत मी भला होत होतो. असली अडचण माझ्यावर कधी आली नव्हती.

शेवटी मी उठलो. दुकानात फ्रॉक घातलेला लहान मुलीचा पुतळा उभा होता. म्हटलं, "अक्का, इकडे या. सोमवारी तुम्ही कशा उभ्या होतात, तसं याला मागून धरा." त्या हसत हसत आल्या. फ्रॉक मागून धरला. मी पुतळ्याचं मनगट धरलं, हुप्प म्हटलं आणि खेचलं. पुतळ्याचा अख्खा हात खांद्यातून निघून माझ्या हातात आला.

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. दुकानातला कापड मोजणारा माणूस गज खाली ठेवून हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या स्वतःच्या मुठीकडे बघत होत्या. फ्रॉक अजून मुठीतच होता.

"सदरा मी सोडला नव्हता," त्या म्हणाल्या.

"चूक माझी होती. मी थांबायला हवं होतं."

"तुझी नव्हती असं मी म्हटलं का? तुझी तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी." मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "रूपा, शुक्रवारची बस कितीची आहे गं?"

रूपाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूला बसची वेळ सांगितली. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आभार मानतील. माणूस किती वेडा असतो.

"सोमवारी तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता, ब्रदर," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी या मुलाला हात लावायला घाबरत होते."

मी "हो" म्हटलं. पुतळ्याचा हात अजून माझ्याकडे होता, तो कापड मोजणाऱ्या माणसाने सोडवून घेतला.

शुक्रवारी मायलेक निपाणीला गेले आणि रविवारी आले. सोमवारी खोकला पुन्हा दाखवायला आले तेव्हा चिनूचा हात ठणठणीत होता. रूपाताईंनी त्याला माझ्याकडे दिलं नाही. कडेवर घेऊन स्वतः मोठ्या काट्यावर उभ्या राहिल्या, मग त्याला अक्कांकडे देऊन पुन्हा एकट्या उभ्या राहिल्या. मी वजाबाकी केली. ही पद्धत आता जे मूल काट्याला घाबरतं त्या प्रत्येकासाठी मी वापरतो. तीस सेकंद जास्त लागतात.

माझा धडा साधा आहे. मुलाला काखेत धरून उचलावं. आणि आपली चूक ती जिथे झाली त्याच खोलीत सांगून टाकावी. एकदा ती दाराबाहेर गेली की तिच्यामागे रिक्षा करून पेठेत जावं लागतं, आणि तिथे पोहोचेपर्यंत ती दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असते.