छपरावर फेकलेले दात

धाकट्या बहिणीकडे जऊळक्याला गेलो होतो. परत निघताना स्टेशनाबाहेर मानोऱ्याकडचा एक ओळखीचा गाडीवान भेटला. बैलांना पाणी पाजता पाजता म्हणाला, "मास्तर, तुमाले माहीत नाई काय? तुमचा डाक्टर गेला न. न्यूमोन्या झाला होता." ...मला पहिल्यांदा आला तो राग. विश्वनाथचाच राग. चाळिशीही नीट ओलांडली नव्हती त्यानं. अंगात ताप घेऊन हा माणूस बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांवर फिरत होता, आणि ज्यांच्यासाठी फिरत होता त्यांनी त्याचं एक साधं सांगणं इतक्या वर्षांत मनावर घेतलं नव्हतं.

ते सांगणं मानोऱ्यात पोरासोरांना पाठ होतं. "पक्का दात मुळासकट पडला तर घासू नका, फेकू नका. ओल्या फडक्यात गुंडायून पळत माह्याकडे या!" आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलो. मी तिथंच मास्तर झालो, तो नागपूरला जाऊन डॉक्टर होऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या दंतवैद्यानं त्याला निखळलेला दात पुन्हा जागेवर बसवून शेजारच्या दातांना रेशमी दोऱ्यानं बांधायला शिकवलं होतं. वेळेवर आणला तर धरतो, म्हणायचा. आमच्याकडे पोरं काय कमी पडतात? बैलगाडीवरून, चिंचेवरून, विहिरीच्या काठावर... पण दात हातात आला की आमच्या आयाबाया तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर भिरकावणार, म्हणजे नवा चांगला येतो. दुधाच्या दाताचं ठीक आहे, त्याच्यामागे दुसरा उभाच असतो. आठ-दहा वर्षांच्या पोराचा पक्का दातही तसाच छपरावर जायचा. मग वर्षभर वाट पाहून आई विचारायला यायची, "डाक्टरसाहेब, अजून काहून नाई आला?" विश्वनाथ कपाळावर हात मारून घ्यायचा.

पोहरादेवीच्या जत्रेत तो बैलगाडीवर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडायचा. लोक जमायचे, माना डोलवायचे, आणि त्याचं बोलणं संपलं की हटकून कोणीतरी विचारायचं, "पुडी केवढ्याले देल्ली?" त्यांना वाटायचं, हा दंतमंजनवाला! हसावं की रडावं कळत नसे. एकदा एका बाईनं खरंच पोराचा दात आणला, तर तो राखुंडीनं घासघासून पांढराशुभ्र करून. मुळावरची साल पार गेलेली, आता तो धरणार कसा? डॉक्टरसाहेबांच्या हातात मळका दात कसा द्यायचा, म्हणून! तिचा भाव चांगलाच होता, तिला बोलणार तरी काय? त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि मग कमल पडली. कमल त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. झोक्यावरून तोंडावर आपटली आणि समोरचा वरचा दात मुळासकट बाहेर आला. विश्वनाथ रुग्णाला पाहायला गेला होता. तो घरी येईपर्यंत त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, दात शेणात घालून वर फेकलासुद्धा. मी पोचलो तेव्हा डॉक्टरसाहेब छपरावर चढून कवेलू उचकत होते आणि खालून काकू सांगत होत्या, "उतर रे बाबा, पडशीन! तुये दात बी मीच फेकले होते वर. आले नाई का? तिचे बी येतीन." दात सापडला. शेणानं माखलेला, वाळून गेलेला. धनुर्वाताच्या भीतीनं त्यानं तो पोरीच्या तोंडाजवळही नेला नाही.  खाली उतरून मला बाजूला घेऊन म्हणाला, "गोविंदा, गावाले शिकवून राह्यलो अन् घरात..." कमल तेव्हापासून तोंडावर हात धरून हसते. उद्या तिला पाहायला येणारे आधी काय पाहणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझा संताप अजून जात नाही. कोणावर काढू? काकूंवर? त्या तर नातीचं भलंच करत होत्या.

तेरवीनंतर एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर काकूंपाशी बसलो होतो. एक बाई तांड्यावरून आठ-नऊ वर्षांच्या पोराला पाठीवर घेऊन धापा टाकत आली. पोराचं तोंड रक्तानं भरलेलं. तिनं माझ्यापुढे ओलं फडकं उघडलं. आत दात! "गाडीवरून पडला जी. डाक्टरसाहेब जत्रेत म्हनत होते न, तसाच आनला. घासला नाई, फेकला नाई. कुठं हायेत ते?"

 दुसरा डॉक्टर गाठायचा तर गाडीनं रात्र झाली असती. काकूच म्हणाल्या, "गोविंदा, तो नाई, तू आहेस. बसव." त्यानं मला शंभरदा सांगितलं होतं, करताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. हात धुतले. काकूंनी पोराचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. कमलनं आतून रेशमी दोरा आणून दिला. दात जागेवर दाबून मी शेजारच्या दातांना दोरा बांधत होतो, आणि पोरापेक्षा त्याची आई मलाच धीर देत होती.

काल ती पोराला दाखवायला घेऊन आली. दात हलत नाही, पण वाकडा बसलाय, शेजारच्या दातावर चढल्यासारखा. काकूंनी त्याची हनुवटी उजेडाकडे केली आणि त्या दातावरून बोट फिरवलं.

"इश्वनाथानं सरळ बसोला असता," त्या म्हणाल्या. "त्यानं तं किती पोराईचे बसोले असतीन, नाई रे?"

मी "हो काकू" म्हणालो. मानोऱ्यात त्याला आयुष्यभर एकही दात बसवायला मिळाला नाही, हे त्यांना कसं सांगू?