आपापला डबा, आपापला बाक

मी पाचवीत होते त्या वर्षी डोंबिवलीत काविळीची साथ आली. ऐंशीच्या दशकातली, निम्म्या रस्त्यांना अजून डांबर न लागलेली डोंबिवली. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन गटारातून गेली होती आणि ती कुठेतरी फुटली होती, असं सगळे म्हणत. आमच्या इमारतीत दर मजल्यावर एकजण तरी पिवळा पडलेला. कुणी उसाचा रस पीत होतं, कुणी कल्याणला जाऊन गळ्यात काविळीची माळ घालून येत होतं. घरोघरी पाणी उकळून गाळायचं काम वाढलं.

शाळेत एका सकाळी प्रार्थना झाल्यावर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पुढे आल्या आणि त्यांनी नियम वाचून दाखवले. शाळेच्या नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटली घरून आणायची. मधल्या सुट्टीआधी शिपाईमावशी प्रत्येकाच्या हातावर औषधाचं गुलाबी पाणी ओततील. डबा पटांगणात न्यायचा नाही. ज्यानं त्यानं आपल्या बाकावर, फळ्याकडे तोंड करून खायचं. बाकावरही दोघांच्या मध्ये दप्तर ठेवायचं. "आपापला डबा, आपापला बाक," त्या म्हणाल्या. "कुणी कुणाचा घास खाल्लेला मला चालणार नाही."

माझ्या बाकावर माझी मैत्रीण बसायची. तिसरीपासून आम्ही शेजारी. ती खाडीकडच्या कोळ्यांच्या वस्तीतून चालत यायची, केसांना भरपूर तेल आणि दोन्ही वेण्यांना अबोलीचे गजरे. तिचे वडील खाडीत मासे पकडायचे, आई ते बाजारात विकायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. रविवारी मटण व्हायचं, पण मासळी आमच्या आईला साफ करताही येत नसे. साथीच्या आधी मधली सुट्टी झाली की आम्ही दोघी पटांगणातल्या गुलमोहराखाली डबे उघडायचो आणि न बोलता अदलाबदल करायचो. तिला आमची ज्वारीची भाकरी आणि ठेचा हवा असे. मला तिची तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र, मऊ, आणि तिच्यात गुंडाळलेली जवळ्याची चटणी. खाताना ती एवढं बोलायची की घास तोंडात तसाच राहायचा. खाडीला उधाण आलं की घरात पाणी कुठपर्यंत येतं, तिच्या आजीला बोंबलांपेक्षा चहा कसा जास्त लागतो, असं काहीही.

नियम आला आणि ते सगळं एका दिवसात थांबलं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आजार डोळ्यांसमोर होता. चौथीतला एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला, आणि त्याच्याबद्दल विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची. आम्हीही घाबरलेलो. मी आरशात रोज डोळे पिवळे झालेत का बघायचे.

पुढच्या वर्षी नवी पाइपलाइन पडली. साथ गेली. माळा गेल्या, उसाचा रस पुन्हा फक्त आवड म्हणून प्यायला जाऊ लागला. नियम मात्र राहिला. सहावी गेली, सातवी आली, तरी आम्ही फळ्याकडे तोंड करून खात होतो, मध्ये दप्तर ठेवून. वर्गबाई टेबलाशी बसून बघत असत. डब्यांच्या झाकणांचा आवाज तेवढा यायचा. शेजारी, हातभर अंतरावर, ती जेवत असायची, आणि तरीही मला तिची इतकी आठवण यायची की सांगता येत नाही. शाळा सुटल्यावर बोलायचो, पण ती घाईत असे, घरी धाकटी भावंडं असत. जेवतानाचं बोलणं वेगळं. ते कुठेच मिळेना.

सातवीत दिवाळीनंतर माझे आजोबा वारले आणि आई बाराव्यापर्यंत गावी राहिली. बाबांनी पहिले दोन दिवस ब्रेड-बटाटा दिला. तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, भाजी करपली, आणि बाबांची गाडी चुकायची वेळ झाली. मी म्हटलं, "राहू दे बाबा, मला आज भूक नाही."

मधल्या सुट्टीत मी हातांवर गुलाबी पाणी घेतलं आणि रिकामी बसून राहिले. मैत्रिणीनं तिरक्या नजरेनं बघितलं.

"डबा कुठंय?"

"विसरले."

"खोटं बोलू नको. आई आली नाय ना अजून?"

मी मान हलवली. थोड्या वेळानं तिनं भूगोलाची वही दप्तरावरून माझ्याकडे सरकवली. आत अर्धी भाकरी होती. मी वही मांडीवर घेतली, वाकले आणि खाऊ लागले. इतक्या दिवसांनी ती चव तोंडात आली आणि मला रडूच आलं, आजोबांसाठी आलं नव्हतं तेवढं. मी नाक ओढलं म्हणून वर्गबाईंनी वर बघितलं.

"काय चाललंय तिकडे? उभ्या राहा दोघी. वही कुणाची?"

"माझी," ती म्हणाली.

"भाकरी कुणी दिली?"

"मी."

"तिनं मागितली होती?"

आता मी बोलायला हवं होतं. मला भूक लागली होती, मी खाल्ली, एवढंच. पण मी खाली बघत राहिले. तीच म्हणाली, "नाय बाई. मीच दिली."

तिला व्हरांड्यात उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन यायला सांगितलं. मला काहीच शिक्षा झाली नाही. खिडकीतून तिची वेणी दिसत होती आणि त्या तासाला काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

तिची आई बाजारातूनच आली. टोपली फाटकाशी ठेवून, हात पदराला पुसत ती मोठ्या बाईंच्या दारात उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही. आम्हा दोघींना बोलावलं होतं. मोठ्या बाईंनी नियम सांगितला, शांतपणे. मैत्रिणीच्या आईनं ऐकून घेतलं, मग आपल्या मुलीकडे आणि माझ्याकडे बघितलं.

"ही पोर भुकेली व्हती?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. एक दिवस उशिरा, पण म्हणाले.

"मंग बाई, भुकेल्याला अर्धी भाकर दिली त्यान् काय पाप जाला? उद्या बी देल ती. मी तिला देऊ नको असा नाय सांगनार."

मला वाटलं मोठ्या बाई चिडतील. त्यांनी फक्त हातानं जा अशी खूण केली.

आई गावाहून परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझं गप्प राहणंही सांगितलं. आई चार इयत्ता शिकलेली, शाळेत जायची म्हटलं की तिला घाम फुटायचा. पण ती गेली. मी तिच्या मागे.

"बाई, माझी मुलगी त्या पोरीमुळं उपाशी राहिली नाही," आई म्हणाली. "हात धुवायला लावता ते चांगलंय, पाणी उकळलेलं हवं तेही खरं. पण नवा पाइप पडून दीड वर्ष झालं. पोरांनी एकमेकांना घास द्यायचाच नाही, हे कुठवर चालवायचं?"

मोठ्या बाईंनी समोरच्या पेपरवेटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "चौथीतला तो मुलगा गेला, तेव्हा मी त्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, बाई, शाळेत कुणाचं काही खाल्लं होतं का त्यानं? मला उत्तर देता आलं नाही. मला ठाऊकच नव्हतं. साथ गेली हे मला कळतं हो. पण नियम काढायला हात उचलत नाही."

आईचे डोळे भरून आले. ती गेली होती वादासाठी, आणि येताना म्हणाली, "बिचारी." त्या दिवसापर्यंत मोठ्या बाईंनाही भीती वाटत असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

नियम सुटला, पण लगेच नाही. मी आठवीत गेले तेव्हा जूनमध्ये सूचना आली: हात धुणे आणि उकळलेले पाणी चालू राहील, डबा पटांगणात एकत्र खाण्यास हरकत नाही. पण त्या जूनमध्ये माझ्या बाकावर शेजारी कुणी नव्हतं. ठाण्याची आजी अंथरुणाला खिळली म्हणून तिच्या सोबतीला माझ्या मैत्रिणीला सातवीनंतर ठाण्याला मामाकडे ठेवलं होतं, तिकडच्या शाळेत. सुट्टीत कुणीतरी मला हे सांगितलं. ती मला सांगायला आली नव्हती, आणि मी तिच्याकडे माफी मागायला गेले नव्हते.

त्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत पटांगणात मोठी गंमत झाली. सगळे डबे घेऊन बाहेर आले आणि तिथेही रांगेत, एकमेकांपासून अंतर ठेवून, गप्प बसले. धाकट्या वर्गातल्या मुलांना तर आधीचं काही माहीतच नव्हतं. शिपाईमावशी हसून म्हणाल्या, "अगं, आता तरी तोंडं वळवा एकमेकींकडे." हळूहळू वळली. आठवड्याभरात एवढा गोंगाट झाला की वर्गबाई ओरडायला लागल्या. मी माझी भाकरी शेजारच्या मुलीपुढे धरली. "ज्वारीची? नको," ती म्हणाली. तिची चूक नव्हती.

दसऱ्याच्या सुट्टीत मी धीर करून खाडीकडे गेले. तिची आई अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं, चहा केला, समोर बसवून प्यायला लावला.

"ती मजेत हाय," ती म्हणाली. "शिमग्याला येल. तवा ये."

मी येते म्हणाले. पण शिमग्याआधी बाबांनी ठाकुर्लीला जागा घेतली, माझी शाळा बदलली, आणि जायचं जायचं म्हणता राहून गेलं. मग वर्षं गेली. नव्वदच्या दशकात मी ठाण्यात नोकरीला लागले. संध्याकाळी सुटल्यावर वाट थोडी वाकडी करून मी मासळी बाजारातून जायचे. घरी मासे अजूनही कुणाला जमत नव्हते. मी फक्त माझ्या वयाच्या बायकांचे चेहरे बघत चालायचे. कदाचित ती कधीच तिथे बसली नसेल, शिकली असेल, माझ्यासारखीच कुठल्यातरी ऑफिसात असेल. कुणी "घ्या ताई, ताजं हाय" म्हटलं की मी थांबायचे, नीट निरखून बघायचे, आणि मान हलवून पुढे जायचे.