गुरुवारचा दगड

आकाशातून आपल्यावर काय काय कोसळू शकतं, या विषयात आमच्या घराण्यात माझ्याइतका जाणकार माणूस नाही. घराण्याला हे मान्य नाही, तो भाग वेगळा. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर व्हर्निअर घेऊन बसायचं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरक सापडला की जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, बाजूला टाकून ऑपरेटरच्या शिव्या खायच्या. नेवाशाहून कंपनीच्या बसनं जायला दीड तास, यायला दीड तास. त्या तीन तासांत मी रोज मोबाईलवर जगाचा अंत बघतो.

एवढं ज्ञान झाल्यावर ते कुणाला तरी सांगावं लागतं. बायको ऐकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं एक कृष्णविवर ऐकून घेतलं होतं, त्यातच तिचा कोटा संपला. राहता राहिली आई. पण आई श्रोता म्हणून फार वाईट, कारण ती घाबरत नाही.

"सूर्य फुगणार आहे, आई. पृथ्वीला गिळून टाकणार."

"कवा?"

"पाचशे कोटी वर्षांनी."

"मग तवर कुरडया वाळत्यात."

एकदा मी तिला सौर वादळ सांगितलं. सूर्यावरून असा झोत येऊ शकतो की गावंच्या गावं अंधारात जातील, मोबाईल बंद, टीव्ही बंद. "अन् हिरीवरली मोटार?" तिनं विचारलं. म्हटलं, मोटारही बंद. "ती आत्ता तरी कुठं चालू हाय," म्हणून ती लसूण सोलायला लागली. आकाशगंगेत एखादा तारा जवळपास फुटला तर काय होईल, हे तर तिनं अर्धंच ऐकलं आणि मला दुकानातून गूळ आणायला पाठवलं.

इथं मावशीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईची ही एकुलती एक बहीण, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, खर्ड्याला दिलेली. दोघींचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. कारण एक साडी. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मावशीनं आईला आहेर केला. आईनं घरी येऊन साडीची घडी मोडली, तर ती तिनंच दोन वर्षांपूर्वी मावशीच्या सासूला नेसवलेली साडी. आईचं म्हणणं, फॉलचे टाकेसुद्धा माझेच होते. मावशीचं म्हणणं, असल्या साड्या जामखेडच्या बाजारात ढिगानं पडलेल्या असतात. बस, एवढंच. वडील गेले तेव्हा मावशी दहाव्याला आली, आईच्या शेजारी बसली, पदरानं तिचे डोळे पुसले आणि एक शब्द न बोलता परत गेली.

या उन्हाळ्याच्या तोंडावर कुणीतरी निरोप आणला, की मावशीच्या छातीत दुखलं म्हणून तिला जामखेडला दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलंय. आई "बरं" म्हणाली. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही पाणी ओतून खाल्ली.

त्यानंतर आठवडाभरानं, रविवारी सकाळी, आई गच्चीवर कुरडया घालत होती. ती सोऱ्या दाबत होती, मी प्लॅस्टिकचा कागद उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवत होतो आणि मधूनमधून चीक खात होतो. माझ्याकडे ताजी बातमी होती.

"गुरुवारी एक दगड येतोय, आई. डोंगराएवढा. पृथ्वीच्या जवळून जाणार."

"जवळून म्हंजी? नेवाशावरून का नगरावरून?"

खरं सांगायचं तर तो चंद्राच्याही पुष्कळ पलीकडून जाणार होता. बातमीच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की कसलाही धोका नाही. पण इतक्या वर्षांत आईनं पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला होता. शंभराव्या भागासाठी जॉब नापास करणारा मी, लाखो किलोमीटर एका घोटात गिळले आणि म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही."

सोऱ्यावरचा तिचा हात थांबला. "पडला तर?"

"पडला तर संपलं. डायनासोर केवढाले होते, ते तरी राहिले का?"

"समदेच जातील?"

"समदे."

"खर्ड्याचे बी?"

आई घाबरल्याच्या आनंदात मी इतका बुडालो होतो की हा प्रश्न काय आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. "खर्ड्याचे बी," मी म्हणालो, आणि चिकाची दुसरी वाटी उचलली.

सोमवारी सकाळी मी कंपनीत जायला बूट घालतोय, तर आई पिशवी घेऊन दारात उभी. "मला खर्ड्याला न्हे."

"आज? अगं, ड्यूटी आहे."

"गुरुवार कवा हाय?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून बायको म्हणाली, "जा घेऊन. दगड तुम्ही आणलाय, आता तुम्हीच निस्तरा."

सुपरवायझरला फोन करून सुट्टी मागितली. कारण काय सांगावं हे सुचेना, म्हणून मावशी आजारी आहे असं सांगितलं. दगडाची बातमी सांगितल्यापासूनचं माझं ते पहिलं खरं वाक्य.

नगरला गाडी बदलली. आष्टी मागं पडेपर्यंत मी पुढचा सगळा हिशोब मांडला होता. अकरा वर्षांचा अबोला मोडायला ही बाई निघाली आहे आणि गुरुवारी संध्याकाळी सगळं जागच्या जागी असलं की दोघी मिळून मला फाडून खातील, किंवा त्याहून वाईट, आई उठून तडक परत येईल आणि मग पुढची अकरा वर्षं काढायला दोघींकडं तेवढं वय नाही. मी धीर करून बोललो.

"आई, तो दगड चंद्राच्याही पलीकडून जाणार आहे. काही होणार नाही."

आई खिडकीबाहेर बघत होती. "मला ठावं हाय."

"कसं काय?"

"काल दोन वाट्या चीक खाल्लास तू. मरनारा मानूस एवढा खातो व्हय?"

"मग आपण चाललोय कशाला?"

"तू गप बस," ती म्हणाली. "अन् तिथं गेल्यावर मी काय बोलंन त्याला नाही म्हनू नको."

मावशी ओट्यावर बाजेवर बसली होती. पार वाळली होती. आम्हाला बघून ती उठायला लागली आणि मध्येच आठवण झाल्यासारखी परत बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आईला म्हनावं, टेक."

मी आईकडे वळलो. आई माझ्यापासून हातभर अंतरावर आणि मावशीपासून दोन हातांवर होती. "तुझ्या मावशीला इचार, तब्येत कशी हाय."

"तिला सांग, हाय तशी हाय."

असं बरंच चाललं. मी मान इकडून तिकडे फिरवत होतो, बोलत नव्हतो, कारण सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. मग चहा झाला आणि निरोपही संपले. आई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. परतीच्या गाडीची वेळ मला माहीत होती आणि तिलाही. ती उठते की काय असं वाटत असतानाच तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मी काय आपनहून आले न्हाई," ती मला म्हणाली, पण मोठ्यानं. "हे पोरगं लई भ्यालंय. वरनं दगड पडनार, समदे मरनार म्हनतंय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. म्हनलं, मावशीला भेटल्यावर तरी जिवाला बरं वाटंल."

मी बेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली दोन ट्रेनी आहेत. समोर मावशीची सून चहाचे कप उचलता उचलता थांबली होती. अवकाशाबद्दल कुणालाही घाबरवू शकणारा माणूस अशी मी माझी समजूत करून घेतली होती आणि आता त्याच अवकाशानं मला पोरासारखं रडकुंडीला आणलंय असं भर ओट्यावर जाहीर झालं होतं. नाही म्हटलं असतं तर अब्रू वाचली असती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मावशी, झोप लागत नाही गं."

मावशी उठली. या खेपेला पुरती उठली. "एवढा बाप्या अन् दगडाला भितो? ये इकडं." तिनं माझ्या कपाळाला हात लावला, डोळ्यांची पापणी वर करून बघितली आणि निदान केलं, की दृष्ट लागली आहे. सुनेला मीठ, मोहरी आणि मिरच्या आणायला सांगितल्या. मला ओट्याच्या पायरीवर पूर्वेकडं तोंड करून बसवलं.

मावशीनं मिरच्या मोजून मुठीत घेतल्या. आई बघत होती. तिला राहवलं नाही.

"पाच?"

"पाचच घ्यायच्या असत्यात," मावशी माझ्या डोक्यावरून म्हणाली.

"सात. आपली आई सात घ्यायची."

"आई पाच घ्यायची. तू ल्हान हुतीस, तुला काय आठवतंय?"

"मला तापात काढली तवा मोजल्यात मी. सात हुत्या. अन् देठ मोडायचे नसत्यात, आक्का."

अकरा वर्षांनी आक्का आलं ते असं, देठाच्या तक्रारीला लटकून. मावशीची मूठ माझ्या कानाशी थबकली. मग ती सुनेला म्हणाली, "आन गं आजून दोन. हिचं समाधान होऊ दे."

सात मिरच्या पाण्याच्या चुलीत पडल्या. दृष्ट असेल तर ठसका लागत नाही म्हणतात. ठसका असा लागला की दोघी बहिणी डोळ्यांना पदर लावून एकमेकींच्या खांद्याला धरून खोकत राहिल्या, आणि त्यात नुसता धूरच होता असं मी छातीठोक सांगणार नाही. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी एकटाच परतीची गाडी पकडली.

गुरुवारी दगड गेला. कंपनीतून मी आईला फोन केला. "गेला बरं का."

"कोन गेलं?"

"दगड."

"कंचा?" ती म्हणाली, आणि मागून मावशीचा आवाज आला की कुणाचा फोन आहे, वरण उतू चाललंय. आई पंधराव्या दिवशी परत आली.

मला मात्र ते प्रकरण चिकटलं. सगळ्या भावकीत मी आता आभाळाला भिणारा म्हणून प्रसिद्ध आहे. मामेभाऊ फोन करून धीर देतो. एका लग्नात तर मला मुद्दाम मांडवाच्या मधोमध बसवलं, उघड्यावर नको म्हणून. मी एकदाही खुलासा केलेला नाही. बायको म्हणते, करूही नका.

परवा मावशीचा फोन आला. थेट माझ्या मोबाईलवर. आधी पाऊसपाणी, मग तिच्या गुडघ्याचं, मग जरा आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुला परत काही भ्या वाटतंय का रं?"

मला दिवसभरात काहीही वाटलं नव्हतं. "वाटतंय, मावशी," मी म्हणालो. "लई."

"मग मी येते चार दिस. सकाळच्या गाडीनं निघते. अन् तुझ्या आईला आधी सांगू नको. तिला वाटंल, तिच्यासाठीच आले."