गर्शोमकाका एयालच्या चुका काढतात

समोरच्या दारातून मलिद्याचं ताट आलं, की आम्ही समजतो, मझलकाकूंकडे कोणाचा तरी नवस फिटला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळांच्या फोडी. त्यांच्या ज्यू धर्मातल्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेऊन प्रार्थना झाली की आमच्या करंजाड्याच्या इमारतीत कोणी वगळला जात नाही. पाणी सोडणाऱ्या गणूलाही वाटी मिळते.

काकूंची लेक शोशाना लग्न करून इस्राएलला, अश्दोदला गेली. तिच्या मुलाला, एयालला, मराठी समजतं, पण वाचता येत नाही. काकूंना तर लांबलचक लिहायची हौस. म्हणून रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकूंच्या यजमानांनी, गर्शोमकाकांनी, एक प्रोग्राम लिहिला. आजीने मराठीत लिहायचं, नातवाच्या फोनवर तेच मराठी हिब्रू अक्षरांत उमटायचं. ओपन सोर्स ठेवला त्यांनी तो. म्हणजे फुकट तर खराच, शिवाय आतली सगळी कृतीही उघडी; कोणीही पाहावी, सुधारावी. बघता बघता इकडच्या कितीतरी आज्यांत आणि तिकडच्या नातवंडांत तो पसरला.

पण फुकटची वस्तू चालवायलाही कोणीतरी लागतं. नवे फोन आले की प्रोग्राम अडतो. सर्व्हरचं भाडं असतं. त्यात काकांना काचबिंदू झाला. एका कंपनीने प्रोग्राम विकत मागितला. म्हणजे पुढे वाचणाऱ्याने पैसे भरायचे.

"मलिद्याच्या ताटाला तिकीट लावू का?" काका म्हणाले आणि विषय संपला.

मग मीच सुचवलं, मदतीचं बटण ठेवा. काकांनी ठेवलं, आणि खाली स्वतःच्या हौसेने लिहिलं, 'नवस बोलला असाल तर इथेही फेडू शकता.'

लोकांनी फेडले! कोणाला बाळ झालं होतं, कोणाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. काका हरखून गेले. काही महिन्यांत मात्र सगळं शांत.

"अहो, नवस फेडला की माणूस सुटतो," काकू हसून म्हणाल्या. "दर महिन्याला कोण नवस फेडतं? जन्म गेला मलिदा करण्यात, एवढं कळलं नाही?"

सध्यापुरती भाड्याची सोय झाली होती. डोळ्यांचं काय? प्रोग्राम बंद पडला, तर काकूंचं लिहिणं एयालपर्यंत पोचणार कसं? काकांनी तिथेच नवीन ओळ टाकली, 'पैसे पुरेत, आता हात द्या.' आणि रोज सकाळी चहा निवेपर्यंत त्या पानाकडे बघत बसू लागले.

एक दिवस लॅपटॉप घेऊन थेट माझ्या ओट्यापाशी आले. "बघ गं, नाव एयालच आहे ना? माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

एयालच होता. त्याने दुरुस्ती पाठवली होती. खालची हिब्रू अक्षरं मला येत नव्हती. काकांनीच डोळे बारीक करून, अडखळत वाचलं, "आजोबा, नवीन फोनवर अडत होतं, ते नीट केलंय. तपासा. पुढे मी सांभाळू का?"

काकांनी हो म्हटलं. आता सर्व्हरसुद्धा तिकडेच, एयालच्या ताब्यात गेला. "माणसं गेली, शेवटी हेही गेलं," त्या दिवशी काका म्हणाले आणि लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवत राहिले.

एकच अट त्यांनी राखून ठेवलीय. त्यांनी तपासल्याशिवाय एयालची दुरुस्ती आत जायची नाही. शुक्रवारी दिवे लागले की ते संगणकाला शिवत नाहीत; शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, उतरला की आधी तो उघडतात. परवा मी तिथेच होते.

"काही चुकलेलं नाही त्यात," काकू मला म्हणाल्या. "मुद्दाम चुका काढतात हे."

"लगेच बरोबर म्हटलं, तर पुढे बोलायचं काय त्याच्याशी?" काका म्हणाले, आणि पडद्याला नाक लावून एकेक अक्षर शोधत लिहू लागले, 'हे असं का केलंस? नीट समजावून सांग.'