मला फ्लेक्स पायजे, साहेब

आमचं लेकरू बाटली तोंडाला लावू देत न्हाई, तिथून सगळं सुरू झालं. मी पुणतांब्याजवळ फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आठला हजर पायजे. नवरा टेम्पोवर, सासूबाई पहाटंच पेरू तोडायला जात्यात त्या नऊला घरी येत्यात. तवर लेकरू कुनापाशी ठिवायचं? शेजारनीपाशी ठिवलं, तर ती म्हनती, "बाई, तुजं पोर रडतंय का कारखान्याचा भोंगा वाजतोय?" उशीर व्हायला लागला तसं सुपरवायझरनं सांगितलं, आता परत झाला तर घरीच बस.

मी नणंदेला फोन लावला. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या ऑफिसात हाय, म्हनली, "वैनी, भेती काय? आमच्यात फ्लेक्सी टाईम असतो. उशिरा जायचं, उशिरा निघायचं, काम तेवढंच. तूपन माग." सांगायला तिचं काय जातंय! पन मी वाटंनं घोकत गेले, फ्लेक्सी, फ्लेक्सी, फ्लेक्सी. शाळेत पाढे बी एवढे घोकले न्हाईत, म्हनून तं आठवीत ऱ्हायले.

केबिनमधी एसीचा गारठा. मालकाकडं बघितलं आन् शब्दाचं शेपूटच गळालं. म्हनलं, "साहेब, मला फ्लेक्स पायजे हुता."

"कुनाचा वाढदिवस हाय?"

"वाढदिवस न्हाई, मलाच पायजे."

"मंग फोटू आन की. केवढा करायचा?"

ह्या मानसाला दुसरं काय सुचनार? गेटावर त्याचाच फ्लेक्स, काळा गॉगल, जोडल्याले हात, खाली 'भावी' एवढंच ऱ्हायलंय, पुढचं उन्हानं उडालं.

मग मी एका दमात बोलले, साहेब फोटू नगं, लेकरू अंगावर पितंय, सासूबाई नऊला येत्यात, मला साडेनऊला येऊ द्या, सांजच्याला तेवढी जास्त थांबते, एक पाकीट कमी करनार न्हाई.

मालक खुर्चीत रेलला. "हे बघ, आपन इथं समदे एका कुटुंबासारखे हाय. एकीला दिलं की समद्या मागत्यात. कुटुंबात शिस्त पायजे का नको?"

अकरा वाजून गेल्ते. साहेब आत्ताच आल्ते, कपाळाचा गंध अजून ओला हुता.

भ्यालेलं मानूस काय बी बोलतं. माज्या तोंडातून निघून गेलं, "व्हय की साहेब, कुटुंबच हाय. तुमी अकराला येता, मी साडेनऊला येते. सुनंनं सासऱ्याच्या आधीच उठायचं असतंय."

दार उघडंच हुतं. शेव तोलनाऱ्या बाया खाली माना घालून खुसूखुसू हसायला लागल्या. मनात म्हनलं, गेली नोकरी.

मालकानं घसा खाकरला. "जा, महिनाभर बघू. पन कुनाला सांगू नकोस."

कुनाला सांगू नकोस म्हने! समद्यांनी ऐकलंच हुतं, ज्यांनी न्हाई ऐकलं त्यांना डबा खाताना मी सांगितलं. दुपारनं अजून दोन लेकुरवाळ्या केबिनच्या दारात उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी घालून बसले, म्हनलं पी बाबा, आता निवांत पी. तर पठ्ठ्या दोन घोट पिऊन जे झोपला, ते सासूबाई आल्या तरी ढिम्म.

त्या पेरूची पाटी उतरवत म्हनल्या, "ह्याच्यासाठी मालकाशी भांडलीस व्हय गं?"

"आत्याबाई, हळू बोला," मी म्हनलं, "उठंल."