भाऊजींचा लोखंडी खांब

आमच्या भाऊजींनी एकोडी गाव जितक्या वेळा वाचवलं, तितक्या वेळा ते कोणत्या देवानेही वाचवलं नसेल. गावाला याची कल्पना नव्हती, कारण सगळं कागदावर चालायचं. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहायचे. कथा कायम एकच. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या शत्रूच्या यानातून ताडाएवढा लोखंडी खांब सुटायचा, दूर बसलेला शत्रू बटणं दाबत त्याला नेमका एकोडीवर आणायचा, आणि शेवटच्या पानावर गावचा विज्ञानमास्तर ट्रान्झिस्टरमधून उलटा संदेश पाठवून तो भलतीकडे वळवायचा. एवढी मोठी शहरं सोडून शत्रू एकोडीच्याच मागे का, असं मी एकदा विचारलं. "आपल्याकडं कोणी पाह्यत नाही बाबू. शत्रूनं त पाहावं," असं म्हणून ते पुन्हा लिहू लागले.

सायकल चालवतानाही त्यांची नजर आभाळात असायची, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत ते सायकलसकट कोणाच्या ना कोणाच्या बांधीत पडायचे आणि धान लावणाऱ्या बायांच्या शिव्या खायचे. खांब जमिनीत किती रुतेल ते पाहायला त्यांनी आंब्यावरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, सोडली, ती ताईच्या वड्या वाळत घातलेल्या बाजेतून आरपार गेली. अमेरिकेची निकामी अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब पडणार म्हणून सगळं गाव हवालदिल झालं, तेव्हा हे एकटे नाराज होते. नुसतं लोखंड पडणार, त्याला चालवणारा कोणी नाही, यात कसलं शास्त्र, हे त्यांचं म्हणणं.

कथा पहिल्यांदा ऐकायची ताई, तांदूळ निवडता निवडता. खांब तलावात पडला की ती हात थांबवून म्हणायची, मासोळ्या मरतीन ना. भाऊजी मुकाट्याने तो जंगलात पाडायचे. मग तिला मोहाच्या झाडांची काळजी. शेवटी त्यांनी खांब थेट समुद्रात नेला, त्यासाठी बिचाऱ्या मास्तराला दहा पानं ट्रान्झिस्टर पिरगाळावा लागला. एकही कथा छापून आली नाही. छापलेलं आपलं नाव एकदा पाहायचं, एवढीच त्या माणसाची हाव होती.

अखेर नागपूरच्या एका मासिकाने कळवलं, शेवटी गाव नष्ट होऊ द्या, कथा छापतो. तेव्हा ताई काविळीने अंथरुणाला खिळली होती. तिने ऐकलं आणि क्षीण आवाजात म्हणाली, "पाडून टाका एकदाचा गावावर. तुमचं नाव त छापून येईन." भाऊजी आठवडाभर कागद घेऊन तिच्या उशाशी बसले. खांब सुटला, ढगांच्याही खाली आला, पण खाली एकोडी होती आणि एकोडीत ही पडलेली होती. त्यांच्याने ते झालं नाही. त्याच श्रावणात ताई गेली.

त्यानंतर मी पुष्कळदा त्यांच्याकडे गेलो. सायकल आता सरळ चालायची, आणि ते पाहून मला फार वाईट वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, त्या कथेचं काय झालं.

"तो खांब वरतीच राह्यला बाबू," ते म्हणाले. "खाली आणू, पण कुठं पाडू? कुठं नको पाडू, ते सांगणारी गेली."